टॅबची भूक आणि आक्काचा आड

वडखडीचा आड पाण्याबाहेर आला ही बातमी सत्यभामाबाईंना बुधवारी सकाळी दूध मोजून घेता घेता कळली, आणि रविवारपर्यंत त्या बातमीने एक जीप, एक सरकारी कचेरी, साठेक मेंढरं आणि पंचेचाळीस वर्षांचा सुखाचा संसार असं सगळं कामाला लावलं.

वडखडी हे त्यांचं माहेर. त्या नऊ वर्षांच्या असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा वर यायचा, बगळे त्याच्यावर बसायचे आणि माणसं काठावरून हात जोडायची. पण आड कधी वर आला नव्हता. यंदा आला.

"पर घाई करा, बाई," दूधवाला म्हणाला. "सोमवारी वरच्या धरणातलं पाणी सोडून राहिले. मंग परत बुडलं समदं."

सत्यभामाबाईंनी दुपारी पुसेगावला थोरल्या बहिणीला, चतुराबाईंना, फोन लावला. आक्का दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या तेव्हापासून खाटेवरच होत्या. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "सत्ये, त्या आडाच्या काठावर माझ्या दोराच्या खाचा हायत. दहा वर्सं पाणी शेंदलं म्या तिथं. एकडाव पाह्यल्या असत्या."

आता हे साधं वाक्य. पण आक्कांनी उभ्या जन्मात धाकट्या बहिणीकडे काही मागितलं नव्हतं. त्या घरात दोघींपैकी एकीनेच शाळेत जावं असं ठरलं होतं, आणि जी गेली ती चौतीस वर्षं मास्तरीण होऊन सेनगावात निवृत्त झाली. जी गेली नाही ती आडावर होती. सत्यभामाबाईंनी फोन ठेवला, डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, कपाटातला ड्रोन काढा."

संपतराव पंचायत समितीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट काढण्याआधी ती कुणाच्या नावावर आहे हे पाहायची त्यांना सवय. ड्रोन मुलाच्या नावावर होता. परमेश्वर पुण्यात असतो. त्याने हौसेने ते यंत्र घेतलं, चार महिने उडवलं आणि दिवाळीला इथे आणून ठेवलं. पोरं नाद सोडून देतात आणि नादाच्या वस्तू आईबापाच्या कपाटात सोडतात. आमच्या ओळखीच्या एका घरात तबला, कॅरम आणि मासे नसलेली काचेची पेटी अशी तीन पोरांची तीन वयं अजून माळ्यावर आहेत. पण सत्यभामाबाईंनी दिवाळीतच मुलाकडून ड्रोन उडवायला शिकून घेतलं होतं. शाळेच्या मैदानावर त्यांनी तो चांगला पिंपळाएवढा वर नेला होता. शेजारच्या मुंजाजींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही हे गल्लीला त्या दिवशी कळलं, आणि मुंजाजी पुढे महिनाभर त्यांच्याशी मोजकं बोलत होते.

"चालत गेलं तर न्हाई का जमत?" संपतरावांनी विचारून पाहिलं.

जमण्यासारखं नव्हतं. आडाभोवती कमरेएवढा गाळ. मागच्या आठवड्यात तिथे एक म्हैस रुतली, ती काढायला अर्धं गाव आणि एक ट्रॅक्टर लागला, आणि मग ट्रॅक्टर काढायला उरलेलं अर्धं गाव.

तर ड्रोन. यंत्र तळहाताएवढं. ते चालवायला हातात एक कंट्रोलर, दोन दांड्यांचा. वरून काय दिसतंय ते पाहायला कंट्रोलरला आखूड वायरने फोन जोडायचा. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सत्यभामाबाईंना फोनवर आड आणि वांगं सारखंच दिसायचं, म्हणून त्या फोनऐवजी आपला वाचायचा टॅब जोडत. टॅब पाच वर्षांचा, पाटीएवढा, आणि त्याची बॅटरी म्हाताऱ्या माणसाच्या झोपेसारखी, लागली न लागली तोच संपलेली.

दिवाळीतच सत्यभामाबाईंना एक शोध लागला होता. ती आखूड वायर जोडली की टॅबच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटायची. टॅब चार्ज व्हायचा! त्यांना ही व्यवस्था फार सभ्य वाटली. सेनगावात दुपारची लाईट गेली की घरोघरी एकच शोध चालतो, कुठे काही भरलेलं आहे का. करंट असलेली वस्तू मोकळी बसलेली आमच्याकडे कुणाला पाहवत नाही. मग बाईही लाईट गेली की कंट्रोलर काढायच्या, टॅबला जोडायच्या आणि निवांत कीर्तन ऐकायच्या. कंट्रोलरवर चार बारीक दिवे होते. ते शोभेचे आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"आई, काही परवानगी लागत नाही," परमेश्वरने फोनवर सांगितलं. "अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे. सरकारच्या ड्रोनच्या नकाशातही तो पट्टा हिरवा, म्हणजे मोकळा आहे. धरणाच्या भिंतीकडे तेवढं जाऊ नकोस."

भारत देशात परवानगी लागत नाही अशी वस्तू असू शकते, यावर संपतरावांचा विश्वास बसेना. त्यांनी ड्रोन रुमालात बांधून किराणा दुकानात नेला आणि गुळाच्या काट्यावर ठेवला. दोनशे एकोणपन्नास भरला. दुकानदार सवयीने म्हणाला, "आजून येक ग्रॅम टाकू का, काका?"

तरी त्यांचं समाधान नव्हतं. गुरुवारी ते बायकोला आणि यंत्राला घेऊन धरणाच्या कचेरीत गेले. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता, समास सोडून, 'महोदय' वेगळ्या ओळीत. मागणी एवढीच होती की, सदर उड्डाणास परवानगीची आवश्यकता नाही, असे कृपया लेखी कळवावे.

तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. "परवानगी लागत न्हाई, तर मंग पत्र काहून पाह्यजे?"

"कुणी अडवलं तर दाखवाया."

"अन आमी पत्र दिलं, म्हंजी लागत व्हती असं न्हाई का व्हनार?"

संपतरावांनी या माणसाकडे आदराने पाहिलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका तयारीचा माणूस त्यांना क्वचितच भेटला होता. दोघांची जी चर्चा सुरू झाली ती चहाचे दोन कप होऊनही संपेना. मधेच बाबू म्हणाले, "पर वस्तू तर पाहू द्या बाई, चालती कशी." सत्यभामाबाईंनी कंट्रोलर आणि टॅब जोडून दाखवला. मग दिवाळीचे व्हिडिओ दाखवले. मग शिपाई आला, त्याच्यासाठी पहिल्यापासून. मग बाबूंच्या ओळखीच्या एकाला गच्चीवरच्या टाक्यांमध्ये फारच रस वाटला. दीड तास टॅब या हातातून त्या हातात फिरला, शेपटीसारखा कंट्रोलर त्याच्यामागे, आणि कोपऱ्यातली विजेची खूण आनंदाने चमकत होती. अखेर पत्र मिळालं नाही, पण बाबूंनी संपतरावांचा मोबाईल नंबर घेतला, आपला दिला आणि म्हणाले, "कुनी अडवलं तर मला फोन लावा. मी सांगतो त्याले."

शुक्रवारी सकाळी नरसिंगच्या जीपने मंडळी निघाली. नरसिंग हा सत्यभामाबाईंचा जुना विद्यार्थी. पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्यापुढे बिडी लपवतो. सोबत मुंजाजी आले. ते वायरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि टाकीचा विषय विसरून मोठ्या मनाने आले होते, ही गोष्ट त्यांनी वाटेत तीनदा सांगितली.

काठावर पोचल्यावर बाईंनी पिशवीतून देवघरातला लाकडी पाट काढला. धूळ जाऊ नये म्हणून ड्रोन पाटावरून उडवायचा, ही त्यांची स्वतःची पद्धत. ड्रोन उठला. दूरवर तपकिरी गाळात करड्या दगडांची बांगडी दिसत होती, तोच आड. ड्रोन अर्ध्या वाटेवर गेला आणि कंट्रोलर पिकपिक करायला लागला. चारपैकी एकच दिवा, तोही लुकलुकत.

"वहिनी, माघारी घ्या!" मुंजाजी ओरडले. "करंट उलटा मारून राह्यला!"

उलटा करंट म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मुंजाजींनाही नसावं, पण त्यांचा आवाज खात्याचा होता. ड्रोन परत पाटावर उतरला आणि पाठोपाठ कंट्रोलर विझला. मोजून चार मिनिटं झाली होती. नरसिंग हळूच म्हणाला, "बाई, लैच लवकर सुट्टी झाली."

घरी येऊन परमेश्वरला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं, कीर्तनाची गोष्ट ऐकली, कचेरीतले दीड तास ऐकले आणि मग मुलं आईशी बोलताना जो एक सुस्कारा टाकतात तो टाकला.

"आई, टॅब काही हवेतून चार्ज होत नाही. तो कंट्रोलरमधलं पितो. टॅब भुकेला असला की जास्तच. काही कंट्रोलरांत ते बंद करायची सोय असते, आपल्यात नाही. म्हणून टॅब आधी घरी शंभर टक्के भरायचा. भरलेला टॅब फार मागत नाही. कंट्रोलर वेगळा भरायचा. आणि उडवायच्या वेळेलाच वायर जोडायची, आधी नाही. ते चार दिवे शोभेचे नाहीत, आई."

सत्यभामाबाईंना हे लागलं. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना भागाकार शिकवला होता. एका भांड्यातलं दुसऱ्यात ओतलं की पहिल्यात काय उरतं ही गणितं त्यांनी फळ्यावर हजारदा घातली होती. आणि आता त्यांचं स्वतःचंच उत्तर चुकलं होतं, तेही नरसिंगसमोर. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं आणि संपतरावांनी ती दोनदा वाढून घेतली.

शनिवारी घरात कडक शिस्त लागली. टॅबला सगळ्यांनी हात लावायचा बंद, कीर्तन बंद, सकाळचे फुलांचे फोटो पाठवणं बंद. लाईट दहाला यायची, दोनला जायची, पुन्हा सहाला यायची. त्या तासांत आधी कंट्रोलर, मग टॅब, असं त्यांनी वेळापत्रक करून फ्रीजवर चिकटवलं. मुंजाजी मधे येऊन सांगून गेले की यंत्र तुळशीपाशी ठेवू नका, ओल लागते. समोरच्या सखुबाईंनी खिडकीतून विचारलं, "वहिनी, माझा फोन बी लावू का जरा त्याच वायरीला?" तेव्हा त्यांना जे उत्तर मिळालं, त्यामुळे त्या संध्याकाळपर्यंत खिडकीत आल्या नाहीत. रात्री झोपताना टॅब शंभर, कंट्रोलरचे चारही दिवे जळते. बाईंनी दोन्ही वस्तू वेगवेगळ्या कापडात बांधल्या, वर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये', आणि खाली सही केली.

रविवारी पुन्हा नरसिंगची जीप. बाई पुढे बसल्या, मागे मुंजाजी, पिशव्या, पाट आणि संपतराव. काठाला पोचल्यावर बाईंनी कापड सोडलं. कंट्रोलरवर दोनच दिवे होते.

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. नरसिंगने जीपकडे पाहिलं. मुंजाजी म्हणाले, "मी न्हाई, वहिनी. मी तर झोपून राह्यलो व्हतो." संपतराव धरणाकडे अशा काही एकाग्रतेने पाहत होते, जसं काही ते पहिल्यांदाच पाहत आहेत.

बोलायला वेळ नव्हता. उद्या पाणी येणार होतं. इथून घरी जाऊन भरून परत यायचं तर संध्याकाळ झाली असती. सत्यभामाबाईंनी पाट मांडला, भरलेला टॅब जोडला आणि मनात दोनाला चाराने, की चाराला दोनाने, असं काहीतरी करून ड्रोन उडवला.

या वेळी त्या भटकल्या नाहीत. सरळ आडावर. टॅबवर दगडांची बांगडी मोठी होत गेली. चित्रण सुरू करून कॅमेरा खाली वळवला. काठ दिसला, गाळ सुकून भेगाळलेला, आणि एका बाजूला दगडावर काहीतरी रेघा. त्या पुढे वाकल्या. ड्रोन खाली, आणखी खाली. कंट्रोलर पिकपिकला.

"वहिनी!"

"थांबा हो!"

आणि पडदा गोठला. कंट्रोलर विझला होता. दांड्या हलवल्या तर नुसत्याच हलत होत्या.

 ऊन, दूरवर बगळे, आणि पाव मैलावर कुठेतरी आपल्या मर्जीने तरंगत असलेला परमेश्वरचा ड्रोन. सत्यभामाबाई तशाच उभ्या राहिल्या. ड्रोनचं त्यांना फारसं वाटलं नाही. आक्काला काय सांगायचं, एवढंच वाटलं. गेले होते, पण माझ्या हातातलं संपलं, असं?

"बुडला," मुंजाजी टोपी काढत म्हणाले.

"कुठं बुडला?" नरसिंग डोळ्यांवर हात धरून पाहत होता. "वर चालला की त्यो! बाई, लै उंच चालला!"

खरंच, आडावरून एक ठिपका सरळ आभाळात चढत होता. बराच उंच गेला, क्षणभर थांबला आणि मग यांच्या दिशेने निघाला. मालकाशी संबंध तुटला की निघाल्या जागी परत यायचं, ही त्याला कारखान्यातच दिलेली शिकवण. परमेश्वरने दिवाळीत हे सांगितलं होतं, पण सत्यभामाबाईंनी तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं, कारण परत येण्याच्या गोष्टी परमेश्वर नेहमीच सांगत असतो.

आता अडचण एकच होती. मेंढपाळ हिरासिंग नेमका त्याच वेळी मेंढरं पाण्यावर घेऊन आला होता. पाटाभोवती साठेक मेंढरं उभी, आणि एक तर पाटावरच पुढचे पाय ठेवून.

"हिरासिंग, मेंढी काढ! पाटावरची मेंढी काढ!" संपतराव तीन दिवसांत पहिल्यांदाच धावले.

"काहून, काका? बसू द्या की. काय पूजा हाये का?"

वरून भुणभुण आली. मेंढरांनी एकदम माना वर केल्या, आणि क्षणात साठ मेंढरं चहूकडे पांगली. काही जीपखाली, काही मुंजाजींच्या अंगावर. मुंजाजी बसले ते बसलेच. ड्रोन सावकाश उतरला आणि पाटाच्या बरोबर मध्ये टेकला, पाहुणा जेवायला बसावा तसा.

हिरासिंगने दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "आता मेंढरं कोन गोळा करनार, तुमचा ह्यो?"

मेंढरं गोळा करायला तास लागला. मुख्य लिपिक, वायरमन आणि ड्रायव्हर, तिघांनी मिळून केली. सत्यभामाबाई पाटाशी राखणीला बसल्या.

तिथून जीप थेट पुसेगावला. आक्कांचा मुलगा वैजनाथ वाटच पाहत होता. घरात शिरल्याबरोबर बाईंनी चहाच्या आधी विचारलं, "वैजनाथ, लाईट हाये का?" होती. त्यांनी पहिल्यांदा कंट्रोलर चार्जिंगला लावला. धडा शिकला म्हणजे शिकला. मग ड्रोनमधल्या कार्डातलं चित्र टॅबमध्ये उतरवून आक्कांच्या उशाशी बसल्या. आक्कांना उशांच्या आधाराने उठवलं होतं.

पडद्यावर गाळ आला, मग आडाचा काठ. चित्र कार्डात चांगलं स्वच्छ उतरलं होतं. दगडाच्या कडेवर बोटभर खोल खाचा, एकीशेजारी एक.

आक्कांनी बोट टेकवलं. "ही माझी. ही माझी. ही बी माझीच."

"अन माझी?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तुझी कुठली? तुला घागर उचलत नव्हती. तू काठावर बसून पाढे म्हनायची."

पुढचं चित्र सत्यभामाबाईंनीही पाहिलं नव्हतं. कंट्रोलर विझल्यावरही कॅमेरा खाली पाहतच होता. आड लहान होऊ लागला आणि त्याच्या भोवतीने सगळी वडखडी उलगडत वर आली. घरांचे पाये, चौकोनाला लागून चौकोन, मधून गेलेल्या गल्ल्या, देवळाचा ओटा. इतक्या उंचावर बाईंनी ड्रोन आपणहून कधीच नेला नसता.

"ह्ये पाह्य, देऊळ," आक्का म्हणाल्या. "अन आड म्होरं. तू जल्मभर म्हनत आली, आड देवळाच्या मागं. मोठी शाळामास्तरीन!"

सत्यभामाबाईंनी दोनदा पाहिलं. आड पुढेच होता. आठवड्यात दुसऱ्यांदा त्यांचं उत्तर चुकलं होतं, पण या वेळी त्यांना ते लागलं नाही.

मग घरातले आले, शेजारचे आले, वडखडीहून उठून आलेल्या आणखी दोन म्हाताऱ्या आल्या. प्रत्येकीला आपलं घर सापडेपर्यंत चित्र मागे, पुढे. मधे लाईट गेली. संध्याकाळी सगळे पांगले तेव्हा टॅबमध्ये चार टक्के उरले होते आणि आक्का म्हणत होत्या, "त्ये वर जातंय ना, तिथून लाव आजून एकडाव."

"आता बंद कर, संपेल," संपतराव म्हणाले. मग खालच्या आवाजात, "जीपमध्ये कंट्रोलरला मीच लावला होता माझा फोन. चार टक्केच होता. म्हटलं, कुणी अडवलं तर बाबूला फोन लावायला…"

"माहीत हाये. कंट्रोलर सोडला तवा गरम व्हता, अन तुमचा फोन भरलेला."

सत्यभामाबाईंनी उठून कंट्रोलर आणला. चारही दिवे जळत होते. त्यांनी ती आखूड वायर काढली आणि टॅबला जोडली. कोपऱ्यात विजेची खूण उमटली.

"अगं, त्यातलं सगळं जाईल की!"

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उद्या तिथं पाणीच हाये."

त्यांनी चित्र मागे नेलं. आक्कांनी पुन्हा काठावर बोट ठेवलं. खाटेच्या कडेला कंट्रोलरचा चौथा दिवा विझला, मग बऱ्याच वेळाने तिसरा, आणि वडखडी हळूहळू वर येत राहिली.